रँक ट्रॅकरचे आकडे रोज उड्या मारतात : बिघाड मोजणीत की वेबसाइटमध्ये?

टॉवेल_ऑनलाइन (धागाकर्ता)

नमस्कार. सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या एका चादर आणि टेरी टॉवेल उत्पादकाच्या वेबसाइटचे व ऑनलाइन विक्रीचे काम मी पाहतो. गूगलवर आमची पाने कोणत्या शब्दांना कितव्या क्रमांकावर येतात याची रोज नोंद ठेवण्यासाठी पैसे भरून एक रँक ट्रॅकर घेतला आहे. गेले काही महिने त्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवणे कठीण झाले आहे. ‘सोलापुरी चादर घाऊक’ या शब्दांना तो एका दिवशी ४ दाखवतो, दुसऱ्या दिवशी ३१, तिसऱ्या दिवशी ‘सापडले नाही’ आणि चौथ्या दिवशी पुन्हा ५. मधल्या काळात त्या पानावर आम्ही काहीही बदललेले नसते.

गूगलचे स्वतःचे सर्च कन्सोल (आपली वेबसाइट गूगलच्या शोधात कशी दिसते याचे अहवाल देणारे साधन) वेगळेच सांगते. सप्टेंबर २०२५ च्या मध्यापासून डेस्कटॉपवरची इम्प्रेशन्स (निकालांत आमचा दुवा किती वेळा आला याची मोजणी) एकदम खाली आली, त्याच वेळी सरासरी स्थान मात्र सुधारलेले दिसते आणि क्लिक होते तेवढेच आहेत. म्हणजे एका साधनाप्रमाणे आम्ही बुडालो आणि दुसऱ्याप्रमाणे वर आलो.

आमचे काम पाहणाऱ्या एजन्सीचे म्हणणे आहे की ही सरळ घसरण आहे आणि सगळ्या पानांची शीर्षके व मजकूर बदलायला हवा. मला ते पटत नाही, कारण घाऊक चौकशीचे फोन आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश कमी झालेले नाहीत. तरीही मालकांना सांगताना ‘मला वाटते’ एवढे पुरत नाही. आकडा चुकतो आहे की क्रमांक खरोखर घसरतो आहे, हे पद्धतशीरपणे कसे ठरवावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

आकडेमोड

तुम्ही शीर्षके बदलली नाहीत हे उत्तम केले. आता बदल केले असते, तर पुढे जे काही दिसेल ते बदलामुळे की मोजणीमुळे हे कोणालाच सांगता आले नसते.

सप्टेंबर २०२५ चा उलगडा आधी करू, कारण तो तुमच्या एकट्याचा प्रश्न नाही. त्यापूर्वी गूगलच्या शोधपत्त्यात ‘नम’ (num, म्हणजे निकालांची संख्या सांगणारा भाग) हा पॅरामीटर जोडून एकाच पानावर १०० निकाल मागवता येत असत. बहुतेक रँक ट्रॅकर हेच करत. एका विनंतीत पहिले १०० निकाल हाती येत आणि काम स्वस्तात होई. सप्टेंबर २०२५ च्या मध्याच्या सुमारास गूगलने हा पॅरामीटर मानणे बंद केले. तेव्हापासून १०० निकाल पाहायचे तर दहा-दहाची दहा पाने वेगवेगळी मागवावी लागतात. खर्च कित्येक पटींनी वाढल्यामुळे अनेक टूलनी रोजची तपासणी पहिल्या एक-दोन पानांपुरती आखडती घेतली. मग २३ व्या क्रमांकावरचे पान ‘सापडले नाही’ असे दिसू लागले, कारण तिथपर्यंत कोणी पाहिलेलेच नसते.

सर्च कन्सोलमधला उलटा खेळही यातूनच होतो. साध्या निकालांच्या बाबतीत तुमचा दुवा असलेले पान उघडले गेले की इम्प्रेशन मोजले जाते. वाचणारा खाली तुमच्यापर्यंत पोहोचला की नाही हे पाहिले जात नाही. एखादे यंत्र १०० निकालांचे पान मागवत असे तेव्हा ७० व्या किंवा ९० व्या जागेवरच्या दुव्यालाही इम्प्रेशन मिळे, आणि ही यंत्रे मुख्यतः डेस्कटॉपच्या रूपाने येत. ती खालच्या जागांवरची इम्प्रेशन्स नाहीशी झाली, म्हणून बेरीज घटली आणि सरासरी स्थान आपोआप सुधारले. क्लिक माणसेच करत होती, म्हणून ते तसेच राहिले. तुम्ही दिलेले वर्णन याच्याशी तंतोतंत जुळते.

एजन्सीने केलेला अर्थ अगदीच निराधार नाही, हेही सांगायला हवे. गूगलचे स्पॅमविरोधी अपडेट २६ ऑगस्ट ते २२ सप्टेंबर २०२५ या काळात चालू होते, म्हणजे दोन्ही गोष्टी एकमेकींवर पडल्या. त्यामुळे त्या महिन्यातली प्रत्येक घट अपडेटच्या माथी मारणे सोपे झाले. दोन्ही वेगळे करण्यासाठी सर्च कन्सोलमध्ये मोबाईल आणि डेस्कटॉप वेगळे करून पाहा. नुसती डेस्कटॉपची इम्प्रेशन्स पडली असतील आणि दोन्हीकडचे क्लिक स्थिर असतील, तर बदल मोजणीतला आहे. मोबाईलवर क्लिकही पडले असतील, तर मात्र तो भाग खरा धरून पुढे तपासावा.

पार्कचौक

सप्टेंबरची घट यातून समजली, पण रोज ४ वरून ३१ वर जाणे त्यातून उलगडत नाही. माझा अनुभव असा की अशा उड्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा ठिकाण असते. तुमच्या ट्रॅकरमध्ये ठिकाण काय निवडले आहे ते पाहा. ‘भारत’ एवढेच असेल तर एका दिवशी विनंती मुंबईच्या सर्व्हरवरून जाईल आणि दुसऱ्या दिवशी बेंगळुरूच्या. सोलापुरात बसून मोबाईल डेटावर शोधले तरी मला गूगलच्या पानाच्या तळाशी कित्येकदा पुणे किंवा मुंबई लिहिलेले दिसते, कारण मोबाईल कंपनीचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) त्या शहराच्या नावावर असतो. फोनने आपले ठिकाण कळवायची परवानगी दिली की तळाशी सोलापूर येते आणि निकालही बदलतात.

नकाशासह येणाऱ्या तीन दुकानांच्या चौकटीत हा फरक फार जाणवतो. स्थानिक निकाल ठरवताना सुसंबद्धता, अंतर आणि ठळकपणा पाहिला जातो, असे गूगलच सांगते. त्यामुळे ‘चादरीचे दुकान’ असे नवी पेठेत उभे राहून शोधले आणि जुळे सोलापुरात बसून शोधले, तर तीन नावे वेगळी येणे हेच अपेक्षित आहे. ‘आमचा क्रमांक किती’ याला तिथे एकच उत्तर नाही. कुठून शोधले यावर तो अवलंबून आहे. काही टूल ही चौकट मोजणीत धरतात, काही तिच्याखालच्या साध्या निकालांपासून १ मोजायला सुरुवात करतात. तुमचे टूल काय करते हे त्याच्या मदतपानावर शोधा, आणि मध्येच ही पद्धत बदललेली नाही ना याचीही खात्री करा.

भाषेची सेटिंगही सोडू नका. आपल्या शहरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि हिंदी-उर्दू बोलणारी घरे आहेत, फोनची भाषा घरागणिक बदलते, आणि तुमचा घाऊक ग्राहक कलबुर्गी-विजयपूरकडचाही असणार. ट्रॅकर विनंती पाठवताना देश आणि भाषा या दोन्ही गोष्टी ठरवून पाठवतो की मोकळ्या सोडतो, हे विचारून घ्या.

टॉवेल_ऑनलाइन

दोघांचेही आभार. पाहिले, ठिकाण ‘भारत’ आणि भाषा ‘इंग्रजी’ असे ठेवलेले आहे. हे खाते एजन्सीने सुरू करून दिले होते. मोबाईल-डेस्कटॉप वेगळे केल्यावर चित्र बरेचसे आकडेमोड यांनी सांगितले तसेच निघाले : घट जवळजवळ सगळी डेस्कटॉपची आहे. एका पानाचे मोबाईलवरचे क्लिक मात्र खरोखर कमी झालेले दिसतात. ते हॉटेलांसाठीच्या पांढऱ्या टॉवेलांचे पान आहे. त्याबद्दल पुन्हा लिहितो.

दुसरी एक गोष्ट खटकते. मराठी शब्दांचे आकडे इंग्रजी शब्दांपेक्षा जास्त बिघडलेले दिसतात. काही मराठी कीवर्ड (ट्रॅकरला दिलेले शोधशब्द) तर कायमच ‘सापडले नाही’ दाखवतात, आणि तेच मी स्वतः शोधले की आमचे पान पहिल्या पाचांत असते. हे कशामुळे होत असावे?

लिपीकार

इथे मला बोलता येईल. मराठी कीवर्डची मोजणी बिघडण्याच्या दोन-तीन जागा ठरलेल्या आहेत आणि इंग्रजीत काम करणाऱ्यांच्या त्या कधी लक्षातच येत नाहीत.

पहिली जागा टंकलेखनाची. सोलापूरच्याच मालाचे उदाहरण घ्या : ‘कडक भाकऱ्या’. यातला ‘ऱ्या’ दोन प्रकारे लिहिला जातो. कोणी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून त्याला हलंत करतो आणि पुढे ‘या’ जोडतो. कोणी साधा ‘र’, हलंत, त्यानंतर न दिसणारे जोडचिन्ह आणि मग ‘या’ असे लिहितो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला मात्र ते वेगळे शब्द आहेत, आणि युनिकोडच्या नेहमीच्या सामान्यीकरणानेही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याच्या पद्धतीनेही) ते एक होत नाहीत, कारण दुसऱ्या प्रकारात जास्तीचे चिन्ह तसेच उरते. गूगल बहुधा दोन्हींचा अर्थ सांभाळून घेते, पण ट्रॅकर त्यांना दोन कीवर्ड मानतो, किंवा आयात करताना ते न दिसणारे चिन्ह गाळतो आणि जुन्या नोंदींचा धागा तुटतो. कीवर्डच्या यादीत अशा जोड्या आहेत का, हे अक्षरांची संख्या मोजून पाहा. दिसायला सारख्या दोन शब्दांची लांबी वेगळी आली तर चोर सापडला.

दुसरी जागा पत्त्याची. तुमच्या पानांचे पत्ते देवनागरीत असतील, तर ब्राउझर ते वाचता येईल असे दाखवतो, प्रत्यक्षात मात्र प्रत्येक अक्षर टक्केचिन्हांच्या सांकेतिक रूपात जाते. देवनागरीचे एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (संगणकात अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत) ३ बाइटचे, म्हणजे त्या सांकेतिक रूपात ९ अक्षरांचे होते. गूगलच्या पानावर पत्ता एका रूपात आणि ट्रॅकरमध्ये तुम्ही भरलेला दुसऱ्या रूपात असेल आणि टूल दोघांची अक्षरशः तुलना करत असेल, तर पान समोर असूनही ते ‘सापडले नाही’ म्हणणार. तुम्ही ‘कायमच सापडत नाही’ म्हणता त्या शब्दांच्या बाबतीत माझा पहिला संशय इथेच आहे. वर्डप्रेस (वेबसाइट बनवण्याची प्रणाली) वापरत असाल तर आणखी एक पाहा : त्यात पानाच्या नावासाठी डेटाबेसमध्ये २०० अक्षरांची मर्यादा आहे. ९ ने भागले तर देवनागरीची जेमतेम २२ चिन्हे त्यात बसतात, काना-मात्रा धरून. लांब शीर्षकाचा पत्ता मध्येच कापला जातो, आणि यादीत कोणी पूर्ण पत्ता भरला असेल तर तो कधीच जुळणार नाही. सोपा उपाय म्हणजे टूलला पानाचा पत्ता न देता नुसते डोमेन, म्हणजे वेबसाइटचे मुख्य नाव, जुळवायला सांगणे.

कीवर्डच्या यादीची सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातला तक्ता) एक्सेलमध्ये सरळ उघडून पुन्हा जतन केली तर मराठीचा चुथडा होतो, हे बहुतेकांना माहीत आहे. पण तीच बिघडलेली फाइल परत ट्रॅकरमध्ये चढवली गेली, तर टूल त्या चुथड्याचाच क्रमांक इमानाने रोज शोधत बसते. एकदा यादी डोळ्यांखालून घाला.

भुईकोट

एक वेगळा मुद्दा मांडतो. एवढा खटाटोप करून रँक ट्रॅकर ठेवायचाच कशाला? यंत्राने आपोआप शोध पाठवणे गूगलच्या अटींत बसत नाही, म्हणजे अशा टूलच्या मार्गात गूगल अडथळे आणतच राहणार. सर्च कन्सोल फुकट आहे, त्यात खऱ्या माणसांचे शोध आहेत आणि १६ महिन्यांचा इतिहास मिळतो. छोट्या उत्पादकाने तेवढ्यावर भागवावे असे माझे स्पष्ट मत आहे.

आकडेमोड

भुईकोट यांच्याशी मी बराच सहमत आहे. मुख्य आधार सर्च कन्सोलचाच असावा. पण त्याचेही स्वतःचे नियम आहेत, आणि ते माहीत नसतील तर तिथलाही आकडा फसवतो.

दोन-तीन महिन्यांत काही डझनांहून जास्त लोकांनी शोधलेले नाहीत असे शब्द गोपनीयतेसाठी यादीतून वगळले जातात. मुंबईच्या मोठ्या दुकानाला याने फारसा फरक पडत नाही. सोलापूरच्या घाऊक टॉवेल उत्पादकाचे मोलाचे ग्राहक मात्र नेमके असेच लांबलचक आणि विरळा शब्द टाकतात. त्यामुळे शब्दांच्या यादीची बेरीज वरच्या एकूण आकड्याशी जुळत नाही, आणि शब्दाचा फिल्टर लावला की एकूण आकडाच कमी दिसू लागतो. लोक याला बिघाड समजतात. तो बिघाड नाही. त्याशिवाय पडद्यावरचा तक्ता १,००० ओळींवर थांबतो. त्यापुढच्या ओळी एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रामद्वारे माहिती मागवण्याच्या सोयीतून, घ्याव्या लागतात.

तारखेचा घोळ तर फारच थोड्यांना ठाऊक असतो. नेहमीच्या अहवालातला दिवस अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेप्रमाणे धरला जातो. आपल्या घड्याळात तो दुपारी १२.३० ला सुरू होतो आणि तिकडे हिवाळ्याची वेळ लागली की १.३० ला. म्हणजे सोलापुरात मंगळवारी सकाळी झालेले शोध सोमवारच्या खात्यात जातात. तुमचा ट्रॅकर सकाळी सहा वाजता चालत असेल आणि तुम्ही ‘मंगळवार’ला ‘मंगळवार’ लावत असाल, तर दोन वेगळे दिवस ताडून पाहता आहात. शेवटच्या दोन-तीन दिवसांचे आकडे कच्चे असतात, तेही तुलनेत घेऊ नयेत.

सरासरी स्थान हा आकडा मालकांना दाखवूच नये असे माझे मत आहे. कारण पाहा. तीन शब्दांचे क्रमांक ४, ६ आणि ८० असतील तर सरासरी ३०. टूल पहिल्या २० निकालांपलीकडे पाहायचे थांबले तर तिसरा शब्द गळतो आणि सरासरी होते ५. दुसरे टूल न सापडलेल्याला १०१ मानते, त्याची सरासरी होते ३७. वेबसाइट तीच, दिवस तोच, आणि आकडे ३०, ५ व ३७. त्याऐवजी किती शब्द पहिल्या तिघांत, किती पहिल्या दहांत आणि किती तपासलेच गेले नाहीत, असे तीन खण ठेवा. ‘तपासले आणि सापडले नाही’ व ‘तपासताच आले नाही’ यांची नोंद एकाच रकान्यात करणारे टूल माझ्या मते वापरण्याजोगे नाही.

आता भुईकोट यांच्या प्रश्नाचे उत्तर. ट्रॅकर ठेवायचा तो एकाच कामासाठी : आपण ठरवलेल्या ठिकाणाहून, ठरवलेल्या भाषेत, ठरावीक वेळी पान कसे दिसते ते पाहणे. वर साध्या निकालांआधी एआय ओव्हरव्ह्यू (गूगलच्या एआयने तयार केलेले सारांशरूपी उत्तर) येतो का, नकाशाची चौकट येते का, हे सर्च कन्सोल नीट सांगत नाही. एआय ओव्हरव्ह्यूमधल्या सगळ्या दुव्यांना तिथे एकच स्थान मिळते. पण माल तोलण्याआधी तराजूचा पासंग काढतात तसा या टूलचाही काढावा लागतो. त्यासाठी यादीत एक-दोन असे शब्द ठेवा ज्यांचा क्रमांक हलणे जवळपास अशक्य आहे, म्हणजे तुमच्या ब्रँडचे पूर्ण नाव किंवा एखाद्या मोठ्या संस्थेचे नाव आणि तिची वेबसाइट. ज्या दिवशी ब्रँडच्या नावालाही तुम्ही पहिले नसाल, त्या दिवसाची सगळी नोंद रद्द समजा. मग तोच शब्द, त्याच ठिकाणाहून, थोड्या-थोड्या मिनिटांनी काही वेळा तपासायला सांगा. उत्तर ४, ५, ४, ६ असे येत असेल तर दोन जागांची हालचाल ही मोजणीचीच थरथर आहे. त्याहून मोठ्या फरकालाच बदल म्हणायचे.

सगळ्यात उपयोगी पुरावा म्हणजे टूलने त्या दिवशी प्रत्यक्ष मिळवलेले पान. चांगली टूल ते साठवतात आणि मागितल्यावर देतात. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने शोधासाठी ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट चालू असणे आवश्यक केले, तेव्हा कित्येक टूलना निकालांच्या जागी ‘जावास्क्रिप्ट चालू करा’ एवढेच सांगणारे पान मिळू लागले. कॅप्चाचे, म्हणजे ‘तुम्ही यंत्र नाही ना’ हे तपासणारे, पानही असेच हाती येते. आतले वाचणारा प्रोग्राम तिथे दुवे शोधतो, त्याला काही मिळत नाही, आणि तक्त्यात तुमचा क्रमांक शून्य किंवा ‘नाही’ असा उतरतो. साठवलेले पान उघडून पाहिले की पाच सेकंदांत हे कळते.

पार्कचौक

यात एक पुस्ती जोडतो. स्वतः इन्कॉग्निटोमध्ये (ब्राउझरच्या खासगी खिडकीत) शोधून टूलची परीक्षा घेऊ नका. इन्कॉग्निटोने तुमचा जुना इतिहास आणि खाते बाजूला राहते. आयपी पत्ता आणि त्यावरून ठरणारे ठिकाण तसेच राहते. कारखान्यातल्या वायफायवरून केलेला शोध हा कारखान्याच्या जागेवरून केलेला शोध आहे, आणि ग्राहक तिथे बसलेला नसतो.

टॉवेल_ऑनलाइन

सर्वांनी सांगितल्याप्रमाणे तपासले. सगळ्यांना उपयोग व्हावा म्हणून निष्कर्ष सविस्तर देतो.

ज्या दिवशी ‘सोलापुरी चादर घाऊक’ नाहीसे होत होते, त्यातल्या बहुतेक दिवशी आमच्या ब्रँडचे नावही ‘सापडले नाही’ असेच होते. हे आजवर कोणी पाहिले नव्हते, कारण ब्रँडचे नाव वेगळ्या यादीत होते. टूलच्या मदतकक्षाकडे साठवलेली पाने मागितली; काही दिवसांच्या पानांत निकालच नव्हते, कॅप्चाचे पान होते. ३१ दाखवलेल्या दिवशी निकाल खरे होते, पण पानाच्या तळाशी ठिकाण सोलापूर किंवा महाराष्ट्रातले नव्हतेच, दुसऱ्या राज्यातले होते. आता ठिकाण आणि भाषा ठरवून दिल्यावर उड्या थांबल्या आहेत. राहिलेली हालचाल एक-दोन जागांची आहे.

कायम न सापडणाऱ्या मराठी शब्दांचे कारण लिपीकार यांनी सांगितले तेच निघाले. पत्ते कापले गेलेले होते. नुसते डोमेन जुळवायला सांगितल्यावर ते सगळे शब्द पहिल्या दहांत दिसू लागले.

पांढऱ्या टॉवेलांच्या पानाची घट मात्र खरी आहे. मोबाईलवर क्लिक कमी आणि दुरुस्त केलेल्या ट्रॅकरमध्येही क्रमांक खाली. सर्च कन्सोलच्या यूआरएल तपासणीत पाहिले, तर गूगलने निवडलेले कॅनॉनिकल पान (सारख्या पानांतले मुख्य धरलेले पान) आम्ही ठरवलेले नाही. हॉटेलांसाठीचे आणि रुग्णालयांसाठीचे टॉवेल अशी दोन पाने आहेत, छायाचित्रे आणि मजकूर जवळजवळ सारखा आहे, आणि गूगलने रुग्णालयाचे पान मुख्य धरून हॉटेलचे त्यातच जमा केले आहे. सगळ्या वेबसाइटची शीर्षके बदलायची गरज नाही, हे मालकांना आता पुराव्यासह सांगता येईल. या दोन पानांचे काय करावे?

आकडेमोड

कॅनॉनिकल पान बदलले की दोन्हींचे क्लिक त्याच एका पत्त्यावर जमा होतात, म्हणून आधी दोन्ही पानांची बेरीज करून पाहा. घट वाटते त्याहून लहान निघण्याची शक्यता आहे. पाने वेगळीच ठेवायची असतील तर ती खरोखर वेगळी करा. हॉटेलवाला वजन किती जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम), आकार काय, नाव विणून मिळेल का, किमान किती नग घ्यावे लागतील हे विचारतो; रुग्णालयाला वारंवार उकळत्या पाण्यात धुऊन कापड किती टिकते हे हवे असते. ती माहिती तुमच्याकडे नक्कीच असेल, पानावर नसेल. बदल केला ती तारीख ट्रॅकरमध्ये टिपून ठेवा, आणि त्या काळात गूगलचे एखादे अपडेट चालू आहे का हे त्यांच्या सर्च स्टेटस डॅशबोर्डवर आधी पाहा. चालू असेल तर ते संपेपर्यंत थांबा.

लिपीकार

आणि नवीन पानाचा पत्ता आखूड ठेवा, म्हणजे तो कापला जाणार नाही. जुना पत्ता बदललात तर त्यावरून ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावर आलेल्याला कायमचे नव्या पत्त्यावर पाठवणारी सोय) लावायला विसरू नका. ट्रॅकरच्या यादीतही पत्ता त्याच दिवशी बदला.

टॉवेल_ऑनलाइन

चालेल. गड्डा यात्रेच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या जत्रेच्या) दिवसांत किरकोळ चादरींचे शोध वाढतात, त्यामुळे तुलना मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्यांशीच करीन. मागच्या वर्षीचे आकडे १६ महिन्यांच्या मर्यादेबाहेर जाण्याआधी आजच उतरवून घेत आहे, आणि हॉटेलच्या पानासाठी जीएसएमचा तक्ता कारखान्यातून मागवला आहे.